पैसे घेतले, तिकीट फाडलंच नाही

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना 'नेमके किती गेले हो?' असं मनात घोळत राहायला नको. ६,३७,०५० रुपये. दोन माणसांची पृथ्वीप्रदक्षिणा, आणि दोन्ही माणसं अजून घरीच.

त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. ३१ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची ९ मार्ग तपासणीत. भर उन्हात गाडी थांबवायची, मागच्या दाराने चढायचं आणि म्हणायचं, "तिकीट दाखवा." पैसे घेऊन तिकीट न फाडणारे कंडक्टर मी वास काढून पकडलेत. उतारूचा चेहरा बघून सांगायचो, याच्याकडे तिकीट नाही. तोच मी अडीच महिने खिशात विनातिकीट कागद घेऊन हिंडलो, आणि लोकांना कौतुकाने दाखवलाही.

मुलगी मेलबर्नला, मुलगा न्यू जर्सीत. गणपतीने आईबापाला प्रदक्षिणा घालून पृथ्वीची भागवली. आम्हा आईबापांना पोरांभोवती फिरायचं तर सबंध पृथ्वीच लागते. एकदा इकडे, एकदा तिकडे जाण्यापेक्षा एकाच फेरीत दोघं होतील, हे मुलानेच सुचवलं. स्टार अलायन्ससारख्या विमान कंपन्यांच्या गटांचं असं तिकीट मिळतं. एकाच दिशेने जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, निघालो त्या देशात परत यायचं, आणि वर्षाच्या आत फेरी पुरी करायची. भाडं एकूण मैलांच्या टप्प्यावर ठरतं. मुंबई, सिंगापूर, मेलबर्न, ऑकलंड, सॅन फ्रान्सिस्को, न्यूअर्क, फ्रँकफर्ट, मुंबई. ७ उड्डाणं, साधारण २५,००० मैल. २९,००० मैलांच्या टप्प्यात आरामात बसत होतं. मुलाने संकेतस्थळावर नकाशा काढून पाठवला, तो मी कपाटाला चिकटवला.

आमच्या गावच्या जुन्या एजंटाने माणशी ३,६८,००० सांगितले. मला ते जास्त वाटले. हे वाटणंच नडलं. ज्येष्ठ नागरिक संघातल्या एकाने पुण्याच्या एका माणसाचा नंबर दिला. "माझ्या साडूला त्यानेच दुबईला पाठवलं." साडू खरंच जाऊन आला होता. म्हणजे हा माणूस काही तिकिटं खरी काढतो. लहान तिकिटं खरी, मोठी खोटी. लहान तिकिटं ही त्याची जाहिरात होती, हे आता कळतंय.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला कळलं नसेल. तसं नाही हो. मी प्रश्न विचारले. भाडं इतकं कमी कसं, हेही विचारलं. त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं तंतोतंत खरं होतं. या तिकिटाचा दर तुम्ही कुठल्या देशातून निघता त्यावर बदलतो, हे खरं. "काका, हेच तिकीट दुसऱ्या देशातून सुरू केलं तर स्वस्त पडतं," हेही होऊ शकतं. मी मुलाकडून खात्री करून घेतली, मुलगा म्हणाला बरोबर आहे. मग पुढचं वाक्य आलं, "पण तुम्हाला तिकडे जायची गरज नाही, माझ्याकडे मुंबईतूनच त्या दराचा कोटा आहे." असा कोटा कुठल्याही जगात नसतो. पण पहिली दोन वाक्यं खरी निघाल्यावर तिसऱ्याची खात्री कोण करतो? मी नाही केली. माणशी २,९४,५००, दोघांचे ५,८९,०००. जुन्या एजंटापेक्षा १,४७,००० वाचले म्हणून त्या दिवशी मी जिलेबी आणली होती.

६ नोव्हेंबर २०२४ ला ५१,००० टोकन, यूपीआयने. १४ नोव्हेंबरला ३,००,००० आरटीजीएस. २ डिसेंबरला २,३८,०००. कार्डाने देतो म्हटलं तर म्हणाला, "कार्डावर २ टक्के जास्त पडतील काका, कशाला उगाच?" माझ्याच फायद्याचं बोलत होता ना! क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे वाद उपस्थित करून पैसे उलटे मागवायची सोय असते. आरटीजीएसला ती नाही. गेले ते गेले. २ टक्के म्हणजे ११,७८० रुपये वाचवायला मी ती सोय सोडून दिली.

यूपीआय करताना पडद्यावर नाव आलं ते त्याच्या फर्मचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. "मिसेसचं खातं आहे, जीएसटीचं जरा चाललंय." बरं म्हटलं. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं दिसलं की तिथूनच चप्पल घालून निघावं. मी खुर्ची पुढे ओढून चहा घेतला.

३ डिसेंबरला फोन, टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर, ५ टक्के भरावा लागेल, २९,४५०. कायदाच आहे म्हणाला. कायदा आहे, पण परदेशी सहलीच्या पॅकेजला. तिकीट आणि हॉटेल अशा किमान दोन गोष्टी त्यात असाव्या लागतात. नुसत्या विमान तिकिटावर हा कर गोळा करत नाहीत, आयकर खात्याने २०२३ सालीच ते स्पष्ट केलंय. मला हे कळलं मार्चमध्ये, आमच्या सीएच्या मुलाकडून. आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा फॉर्म २६एएस त्याने उघडून दाखवला, कोरा. कर गोळा करणाऱ्याला लागतो तो टॅन नंबरही पावतीवर नव्हता.

आता ती जागा, जी रात्री दोन वाजता आठवते.

४ डिसेंबरला त्याने दोन पानी कागद पाठवला. वर रंगीत पट्टी, आमची नावं पासपोर्टप्रमाणे, सातही उड्डाणं तारीख-वेळेसह, आणि सहा अक्षरांचा पीएनआर. मी तो विमान कंपनीच्या संकेतस्थळावर घातला. आमची दोघांची नावं आली! मुंबई ते सिंगापूर, कन्फर्म्ड. मी पडद्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ६३ अभिनंदनं आली.

हिने चष्मा लावून कागद खालीवर बघितला आणि विचारलं, "अहो, यावर तिकीट नंबर कुठंय?"

मी काय म्हणालो असेन? "आता सगळं पेपरलेस असतं, तुला नाही कळायचं."

नोकरीत असताना गाडीत चढल्यावर पहिलं काम कंडक्टरच्या ट्रेमधल्या तिकिटांच्या ब्लॉकचे नंबर बघायचं. वेबिलावरचा, म्हणजे कंडक्टरच्या नोंदीच्या कागदावरचा नंबर आणि शेवटच्या फाटलेल्या तिकिटाचा नंबर. सीटवर बसलेला उतारू हा पुरावा नव्हेच, नंबर हा पुरावा. हे मी नव्या पोरांना शिकवलं. आणि घरात बायकोने तोच प्रश्न विचारला तेव्हा तिला गप्प केलं.

म्हणून नीट वाचा. पीएनआर म्हणजे फक्त जागा धरून ठेवली आहे. एकही पैसा न भरता कुठलाही एजंट ती काही दिवस धरून ठेवू शकतो. व्हिसासाठी दाखवायला म्हणून अशा कागदांचा धंदाच चालतो. मुदतीत तिकीट काढलं नाही की विमान कंपनी बुकिंग आपोआप रद्द करते. खरं तिकीट म्हणजे १३ आकडी नंबर. त्यातले पहिले ३ आकडे कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८, युनायटेडचे ०१६, लुफ्थान्साचे २२०. आणि एका नंबरावर ४ उड्डाणंच मावतात. आमची ७ होती, म्हणजे माणशी २ नंबर हवेत. आमच्याकडे शून्य. पैसे दिले, सीट दाखवली, तिकीट फाडलं नाही. तीनशे रुपयांच्या भाड्यात हा प्रकार मी डोळे मिटून पकडला असता.

पीएनआर दोनदा बदलला, तेव्हा तरी कळावं? पहिल्या वेळी म्हणाला, कंपनीने वेळापत्रक बदललं. दुसऱ्या वेळी, ८ जानेवारीला, "ऑकलंडच्या उड्डाणाची तारीख सरकली, फरक भरा," १८,६०० दोघांचे. या तिकिटात तारखा पुढेमागे करता येतात हे मी वाचलं होतं, त्यामुळे संशय येण्याऐवजी उलट खात्रीच पटली. जुनं बुकिंग मेलं की हा नवं धरत होता, आणि त्या कामाची मजुरीही माझ्याकडूनच घेत होता.

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार. निघायला तीन दिवस. समोरच्या किराणा दुकानदाराकडून लटकवायचा काटा आणून मी बॅगा तोलत होतो. एक २२ किलो ८००, दुसरी २४. दुसरीतून गोडा मसाल्याची पिशवी काढायची की मेतकुटाची, यावर आमचं चाललं होतं. तेवढ्यात मुलीचा फोन. आईच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर सांगायला तिने विमान कंपनीला फोन केला होता. "बाबा, ते म्हणतायत असं बुकिंग होतं, पण तिकीट कधी निघालंच नाही. परवा रद्द झालं."

काटा तसाच हातात राहिला. ही काही बोलली नाही. मसाल्याची पिशवी उचलून आत फळीवर ठेवून आली.

त्याचा फोन बंद. रविवारी पुण्याला गेलो, शटर खाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मान वरही न करता सांगितलं, "तुम्ही आजचे चौथे."

इथून पुढचा भाग सरकारी आहे, तेव्हा पाणी पिऊन घ्या.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला. अकराव्या वेळी लागला. तक्रार क्रमांक मिळाला. पैसे कधी दिले विचारलं, नोव्हेंबर म्हटल्यावर पलीकडून सुस्कारा ऐकू आला. ती हेल्पलाइन पैसे गेल्या-गेल्या उपयोगाची, हे मान्य. पण पैसे गेलेत हेच तीन महिन्यांनी कळतं, अशा लबाडीचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. एका खात्यात ११,३०० रुपये गोठवले म्हणून नंतर संदेश आला. ६,३७,०५० पैकी ११,३००. तेही गोठलेले, हातात नाहीत.

आमच्या ठाण्यात गेलो. "व्यवहार पुण्याला झाला, तिकडे द्या." पुण्याला गेलो. "पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तिकडे द्या." एसटीने सहा फेऱ्या झाल्या, ज्येष्ठांची सवलत आहे म्हणून बरं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ते लिहिलंय. मी छापील पान घेऊन गेलो. साहेबांनी ते पान वाचलं, घडी घातली, मला परत दिलं आणि म्हणाले, "आजोबा, ही दिवाणी बाब आहे. त्याने सेवा दिली नाही, एवढंच." एवढंच! पुस्तकातलं तिकीट न फाडता पैसे घेतलेल्या कंडक्टरला आम्ही निलंबित करायचो, पंधरा रुपयांसाठी. इथे सहा लाखांना 'सेवा दिली नाही'. शेवटी साध्या अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला. शिक्का इतका पुसट की तारीख वाचता येत नाही. आर्थिक गुन्हे शाखेने सांगितलं की रक्कम त्यांच्या मानाने लहान आहे. माझ्या मानाने ती ग्रॅच्युइटी होती.

बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकला. विमान कंपनी म्हणाली, आम्हाला पैसेच मिळाले नाहीत. दोघांचंही खरं. सगळ्यांचंच खरं असतं, पैसे तेवढे माझे.

ठाण्यात नकार मिळाला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, हेही त्याच कलमात आहे. मी पाठवला, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंद झाला. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये. या सगळ्या प्रकरणात योग्य किमतीला मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

भिंतीवर आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं चिन्ह लावलं म्हणून भुलू नका, चिन्ह फ्लेक्सवाला छापून देतो. अधिकृत एजंटाला आठ आकडी कोड असतो, तो मागा आणि आयाटाच्या संकेतस्थळावर तपासा. कोड नसलेले प्रामाणिक एजंटही पुष्कळ आहेत, ते मोठ्या एजंटाकडून तिकीट काढून देतात, त्यांना उगाच चोर म्हणू नका. पण पूर्ण रक्कम दिली त्याच दिवशी १३ आकडी नंबर हातात आला पाहिजे, आणि विमान कंपनीला स्वतः फोन करून 'तिकीट निघालंय का' असं विचारायचं. 'बुकिंग आहे का' असं विचारलंत तर 'आहे' म्हणतील, आणि माझ्यासारखी जिलेबी आणाल.

अमेरिकेच्या व्हिसाचे माणशी १८५ डॉलर गेले ते मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ते निदान खऱ्या शिक्क्याचे होते.

जुलैत मुलीने आईला साधं जाऊन-येऊन तिकीट पाठवलं. मेल उघडल्यावर हिने आधी नंबर मोजला, बोट ठेवून, तेरा आकडे, दोनदा. मग माझ्याकडे फोन सरकवला आणि म्हणाली, "तपासा."

आम्ही फसलेले अकरा जण एकमेकांना सापडलो आहोत. पुण्याच्या त्या झेरॉक्सवाल्याकडे एक वही ठेवली आहे, येणारा नाव-रक्कम लिहून जातो. कुणी याच पद्धतीने अडकलं असेल तर आपल्या ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्याच. सगळ्यांची मिळून रक्कम ५० लाखांच्या पुढे गेली आहे. आता ती 'लहान' आहे का, हे विचारायला सोमवारी परत जायचंय. सकाळी सव्वासहाची गाडी आहे.