लिलावाच्या तक्त्यासाठी जीटीकेचा ट्रीव्ह्यू की कॉलमव्ह्यू?

लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीसाठी लिलाव नोंदवणारं सॉफ्टवेअर लिहायचं, तर सगळा भार एका तक्त्यावर येतो: ट्रॅक्टर, शेतकरी, आडत्या, क्विंटलचा भाव.

पडद्यावरची बटणं, तक्ते बनवायच्या जीटीके या लायब्ररीत त्यासाठी दोन पर्याय आहेत. ट्रीव्ह्यू जुना आणि ओळखीचा. पण त्यातले सेल-रेंडरर (तक्त्याची एकेक चौकट दाखवणारे भाग) ही विजेट, म्हणजे बटणासारखे स्वतंत्र घटक, नसतात; ते फक्त चौकट रंगवतात. म्हणजे ओळीत 'भाव बदला' असं खरंखुरं बटण बसवता येत नाही. २०२३ च्या जीटीके ४.१० पासून तो कालबाह्य ठरवला आहे. चालतो, पण कंपाइल करताना इशारे येतात. तक्ता फक्त वाचायचा असेल तर लगेच बदलायची घाई नको.

कॉलमव्ह्यूत प्रत्येक चौकट खरं विजेट असते. फॅक्टरी म्हणजे ही विजेट पुरवणारा भाग; तिच्या 'सेटअप'मध्ये विजेट तयार करायचं, 'बाइंड'मध्ये माहिती भरायची. दिसणाऱ्या आणि आसपासच्या ओळींपुरतीच विजेट बनतात. स्क्रोल केलं की तीच नव्या ओळींना वापरली जातात. घोळ इथेच होतो. बटणाचा सिग्नल (क्लिक झाल्याची सूचना) 'बाइंड'मध्ये जोडला आणि 'अनबाइंड'मध्ये, म्हणजे विजेट ओळीपासून सुटताना, तोडला नाही, तर एका क्लिकवर दुसऱ्याच ट्रॅक्टरचा भाव बदलतो. पैशाचा मामला, त्यामुळे सिग्नल 'सेटअप'मध्ये एकदाच जोडा आणि क्लिकच्या वेळी लिस्ट-आयटमकडून (विजेट सध्या कोणत्या ओळीचं आहे ते जाणणारा भाग) चालू नोंद मागा. कॉलमव्ह्यू थेट स्क्रोल्ड-विंडोतच (स्क्रोलची सोय देणारं विजेट) ठेवा; मध्ये बॉक्स घातला की नको तेवढ्या ओळी तयार होऊन पडदा जड होतो.

नवं काम असेल तर कॉलमव्ह्यूच.