दसऱ्याला घेतलेला लॅपटॉप, मृगापर्यंतच्या वापरानंतर

रावेर तालुक्यातील केळी व्यापाऱ्यांचे आणि काही बागायतदारांचे हिशेब लिहिण्याचे काम मी चौदा वर्षांपासून करते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेलच्या मोठ्या फाईली, जीएसटीची विवरणपत्रे आणि कापणीच्या दिवसांत बांधावर बसून वजनाच्या नोंदी, एवढेच माझे काम आहे. जुना लॅपटॉप अजून चालत होता; पण त्यातला प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा असल्यामुळे तो विंडोज ११ साठी अपात्र ठरला, आणि विंडोज १० च्या नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद होणार होत्या. लोकांच्या पैशांचे हिशेब अशा यंत्रावर ठेवणे मला पटले नाही, म्हणून २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, जळगावहून नवा लॅपटॉप आणला. आता मृग लागला आहे. मधला संपूर्ण उन्हाळा या यंत्राने माझ्याबरोबर काढला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

मी घेतलेल्या यंत्रात कोअर आय५-१३३४यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामासाठीची मेमरी) व रॅमसाठी एक रिकामा स्लॉट, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाईली साठवणारी जलद डिस्क), १५.६ इंची फुल एचडी आयपीएस पडदा आणि ५० वॅट-तासांची बॅटरी आहे. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन प्रकारचे पडदे आणि निरनिराळ्या बॅटऱ्या विकल्या जातात. नाव पाहून घेणाऱ्याच्या हाती भलतेच काही पडू शकते.

दुकानदाराचा आग्रह आय५-१३४२०एच घेण्याचा होता. एच अक्षराचा प्रोसेसर मूळ ४५ वॅटचा, तर यू अक्षराचा १५ वॅटचा असतो. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यासाठी किंवा खेळ खेळणाऱ्यासाठी एच योग्यच आहे. परंतु टॅलीला त्या ताकदीचा काही उपयोग नाही, आणि जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराच्या ठिकाणचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे लिहिलेले असते. आमच्याकडे वैशाखात पारा ४४-४५ ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही वर जातो, म्हणजे पुस्तिकेची मर्यादा आम्ही होळीनंतर लवकरच ओलांडतो. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास चाळीस हजार ओळींची फाईल उघडली की पंखा जोरात फिरू लागे आणि यंत्र स्वतःच वेग कमी करी. मात्र ते एकदाही बंद पडले नाही. तेच काम सकाळी सात वाजता निम्म्या वेळात उरकत असे. कूलरसमोर लॅपटॉप ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या हवेत पाण्याचा अंश असतो. मी साध्या टेबलपंख्यावर भागवले.

रॅमच्या बाबतीत मात्र मी सर्वांत जास्त चौकशी केली, आणि त्याला कारण घडले होते. आदल्या वर्षी माझ्या भाच्याने एएमडी कंपनीचा रायझन ५-७५२०यू प्रोसेसर असलेला लॅपटॉप घेतला. आकडा सात हजारांचा म्हणजे प्रोसेसर नव्यातला नवा, असा त्याचा समज झाला. त्या मालिकेत प्रोसेसरची बांधणी तिसऱ्या आकड्यावरून कळते. तेथे २ असेल तर ती झेन २ नावाची बांधणी असते, आणि ती २०१९ पासूनची आहे. त्याच मालिकेतील ७५३०यू मध्ये झेन ३ ची सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, तर ७५२०यू मध्ये चारच. एवढ्यावर भागले असते. पण त्याची ८ जीबी रॅम मदरबोर्डवरच डकवलेली निघाली. दुकानात "पुढे वाढवता येईल" असे तोंडी सांगितले होते, खोलून पाहिल्यावर मात्र स्लॉटच नव्हता. "मावशी, आता हा असाच वापरायचा का?" असे तो विचारत होता, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यामुळे मी मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रात स्लॉटची संख्या वाचूनच पैसे दिले. ८ जीबीवर टॅली, एक्सेल, जीएसटीचे पोर्टल आणि व्हॉट्सअॅप एकत्र उघडले की टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर ८८ ते ९० टक्के दिसे आणि खिडक्या बदलताना यंत्र क्षणभर अडखळे. दिवाळीनंतर ८ जीबीची पट्टी बसवली आणि ते अडखळणे थांबले. त्या सुमारास मेमरीचे भाव चढू लागलेच होते. पट्टी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती, एवढीच हळहळ वाटते.

साठवणुकीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ५१२ जीबीच्या जागी विंडोजमध्ये ४७६ दिसतात. तो मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे, फसवणूक नव्हे. हिशेबाच्या फाईलींना ही जागा पुष्कळ झाली.

कळफलकाला स्वतंत्र आकडेपट्टी हवी, यावर मी ठाम होते आणि आजही आहे. दिवसाला सातशे-आठशे आकडे भरणाऱ्याने पातळ, देखण्या १४ इंची यंत्राच्या नादी लागू नये. तसेच डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि पावत्यांचा प्रिंटर, दोन्ही जुन्या चौकोनी यूएसबीचे आहेत. ती दोन तोंडे आहेत की नाहीत हे दुकानातच, सोबत टोकन नेऊन, मी पाहिले.

बॅटरीने समाधान दिले. भारनियमनात चार-साडेचार तास काम होते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू ठेवली आहे, कारण पूर्ण भरलेली बॅटरी आणि उन्हाळ्याची उष्णता एकत्र आली की तिचे आयुष्य लवकर घटते. विंडोजच्या अहवालात आज तिची क्षमता ४७.६ वॅट-तास दिसते.

एक त्रास लॅपटॉपचा वाटला, पण तो निघाला घराचा. चार्जर लावलेला असताना धातूच्या आवरणावर मनगट टेकले की बारीक मुंग्या येत. मी यंत्र बदलून मागणार होते. वायरमनने टेस्टर लावून पाहिले आणि अर्थिंगच मेल्याचे सांगितले. अंगणात खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून नवे अर्थिंग केले, त्याच संध्याकाळी मुंग्या थांबल्या. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा खोचणाऱ्यांनी हे जरूर तपासावे.

चूक झाली ती पडद्यात. २५० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप), ४५ टक्के एनटीएससी म्हणजे फिक्या रंगांचा पडदा टाळून ३०० निट्सचा घेतला, आणि घरात तो उत्तमही आहे. बांधावर मात्र, कापलेले घड काट्यावर चढत असताना, मला पडद्यावर आकड्यांऐवजी माझाच चेहरा आणि मागचे आभाळ दिसते. एकदा ४१२ किलोच्या जागी ४२१ भरले गेले. शेतकऱ्याने पावती मोठ्याने वाचली म्हणून ते लगेच सुधारले, पण ती नऊ किलो मला अजून खुपतात. रॅम वाढवता आली. पडदा आणि त्याचा उजेड घेताना जो ठरला तोच कायम राहणार आहे. प्रोसेसरवर दोन हजार कमी आणि पडद्यावर तेवढे जास्त खर्चून ४०० निट्सचा घेतला असता, तर माझ्या कामाला तेच बरोबर ठरले असते. सध्या केळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून, आतून काळा कागद लावून, लॅपटॉप त्यात ठेवते. त्यात आकडे स्पष्ट दिसतात; फक्त गरम हवा बाहेर पडावी म्हणून मागच्या बाजूला चार बोटे रुंद झरोका ठेवावा लागतो.