कारखान्याचे बांधकाम: माल स्वतः घ्यावा की मालासकट ठेका द्यावा?

कोल्हापूरजवळ कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीत नवा शेड उभारायला निघालेल्या कारखानदारापुढे सुरुवातीलाच एक प्रश्न येतो: ठेका मालासकट द्यावा, की सळई-सिमेंट आपण आणून देऊन फक्त मजुरीचा द्यावा? बहुतेक जण दोन्हीकडचे चौरस फुटाचे दर मांडतात आणि जो आकडा कमी दिसेल तिकडे झुकतात. ही तुलना मला अपुरी वाटते, कारण खरेदी ज्याच्या हाती, उशिराची जबाबदारीही त्याच्याच माथी येते आणि तिची किंमत त्या दरात कुठेच दिसत नाही.

दर्जाच्या बाबतीत स्वखरेदीचे पारडे निःसंशय जड आहे, विशेषतः सळईत. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला ८८८ ग्रॅम धरले जाते आणि सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार या जाडीला पाच टक्क्यांची तफावत चालते. मालासकट ठेक्याच्या एका कामावर नुकत्याच उतरवलेल्या गाडीतून मी एकेक मीटरचे तुकडे कापून घेतले आणि काट्यावर ठेवले, तेव्हा सरासरी ८१५ ग्रॅम आली. बिल मात्र नकाशावरून काढलेल्या वजनाचे होणार होते, म्हणजे आठ टक्के लोखंड कागदावरच राहिले असते. ती गाडी परत गेली. मालकाने तोच माल वजनकाट्यावर मोजून घेतला असता तर पैसे वाचले असते, पण खांबातले लोखंड तेवढेच कमी पडले असते; म्हणून खरेदी कोणाचीही असो, तुकडा कापून वजन करणे आणि मिलच्या चाचणी प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (सळई ज्या ओतीव लोखंडाच्या घाण्यातून निघाली त्याचा क्रमांक) मोळीच्या बिल्ल्याशी जुळवून पाहणे सोडू नये.

वेळेच्या बाबतीत मात्र चित्र उलटे होते. मजुरीच्या ठेक्यात सळई चार दिवस उशिरा आली, तर फिटर आणि सेंट्रिंगची टोळी बसून राहते, ठेकेदार बसून राहिलेल्या दिवसांची मजुरी आणि मुदतवाढ मागतो, आणि करारात लिहिलेला उशिराचा दंड लावायला मालकाला तोंड उरत नाही. कोल्हापुरात याला पावसाची जोड मिळते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली होती. त्यामुळे जालन्याहून येणारी सळई जूनअखेर यार्डात पडलेली बरी. सिमेंटचे तसे करता येत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत पोत्याला गाठी धरतात आणि तीन महिन्यांहून जुने सिमेंट फेरतपासणीशिवाय वापरू नये. ही सगळी जुळवाजुळव करणारा, रोज सकाळी साठा मोजणारा स्टोअरकीपर तुमच्याकडे नसेल, तर स्वखरेदीचा विचार सोडून द्यावा.

कराबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो, की माल आपल्या नावावर घेतला म्हणजे जीएसटीची वजावट मिळते, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करता येतो. स्वतःसाठी बांधलेल्या इमारतीवर ती दोन्ही मार्गांनी मिळत नाही. यंत्राच्या पायावर आणि त्याच्या आधाराच्या सांगाड्यावर मिळते. म्हणून मालासकट ठेक्यातही यंत्रांच्या पायांचे बिल वेगळे मागावे. सळईवर १८ टक्के कर आहे, सिमेंटवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि मालासकट ठेक्याच्या पूर्ण रकमेवरही १८ टक्केच लागतो. खडी आणि क्रश सँडवर (दगड फोडून केलेल्या वाळूवर) मात्र ५ टक्के आहे, त्यामुळे ती स्वतः घेणे कागदावर स्वस्त दिसते; पण प्रत्येक डंपरचे ब्रास (शंभर घनफुटांचे माप) मोजत बसण्याचा त्रास पाहता मी ती ठेकेदाराकडेच ठेवीन.

क्रेन आणि ट्रान्सफॉर्मर यांची ऑर्डर मालकानेच, आणि पाया खणण्याच्या आधी द्यावी. क्रेनच्या चाकांवरचा भार हाती आल्याशिवाय गँट्री गर्डरचे (क्रेन जिच्यावरून धावते त्या तुळईचे) आणि खांबांचे डिझाइन पक्के होत नाही, हे माहीत असूनही क्रेन शेवटी घेतली जाते आणि मग उभ्या खांबांना मजबुती देत बसावे लागते.

एकूणात मोठ्या कामासाठी मी सळई, स्ट्रक्चरल स्टील आणि यंत्रे मालकाकडे आणि बाकी सारे ठेकेदाराकडे अशी वाटणी सुचवीन. मनुष्यबळाअभावी सगळे मालासकट द्यावे लागले, तर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांतल्या स्टार रेटसारखे कलम करारात घालावे: सळई-सिमेंटचा मूळ भाव लिहून ठेवायचा आणि प्रत्यक्ष भावातला फरक वापरलेल्या मालावर, चढला तर द्यायचा आणि उतरला तर कापायचा. त्याच पानावर मंजूर कंपन्यांची यादी आणि सळईचे बिल काट्यावरच्या वजनाने, पण नकाशावरून निघणाऱ्या वजनाच्या मर्यादेतच होईल, ही अटही लिहून घ्यावी.