ग्लू की ग्राफ्ट? आमवातात कॉर्नियाला भोक पडलं तर
नाशिकरोडच्या आमच्या मावशीला रुमॅटॉइड आमवात जुना, त्यात कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) विरघळून बारीक भोक पडलं. २-३ मिमीच्या आत असेल तर टिश्यू ग्लू (भोक बुजवणारा वैद्यकीय गोंद) आणि वर बँडेज लेन्स (पट्टीसारखी बसवलेली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स), टाके नाहीत, नेत्रदानाच्या डोळ्याची वाट बघणं नाही, पण खुपतं आणि ग्लू कधी निघेल नेम नाही. मोठ्या भोकाला ग्राफ्टच, म्हणजे दान मिळालेल्या कॉर्नियाचं रोपण, तोही आधी डोळा वाचवायला, नजरेचं नंतर, आणि नवा कॉर्नियासुद्धा परत विरघळू शकतो बरं का. वर महिनोन् महिने ड्रॉप्स, वाकड्या बोटांनी बाटली दाबली जात नाही, घरात कोणीतरी लागतंच. मी तर म्हणेन जमत असेल तर आधी ग्लू, सूज उतरली की ग्राफ्ट, पण दोन्हीत सांधेवाल्या डॉक्टरांची मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं हवीतच, नुसत्या ड्रॉप्सवर भागत नाही.