विजेचा इशारा पाड्यावर पोचवायचा कसा: ॲप, मोबाइल संदेश की भोंगा?

वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं दगावतात ती बहुतेक रानात. गुराखी, निंदणीच्या बायका, आंब्याखाली थांबलेला शेतकरी. ग्रामपंचायतीने साधन निवडताना आधी एवढंच पाहावं: त्या घडीला या माणसाच्या हातात काय असतं?

दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था). फोन जिथे आहे तिथून २० ते ४० किमीच्या परिघातल्या विजा ते दाखवतं. त्यासाठी स्मार्टफोन, इंटरनेट आणि लोकेशन, तिन्ही चालू हवं. नेहमीची अडचण म्हणजे बॅटरी वाचवायला फोनच ॲपला झोपवतो आणि इशारा वाजत नाही. सेटिंगमध्ये ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून लोकेशन ‘नेहमी’वर ठेवावं.

सेल ब्रॉडकास्ट म्हणजे मोबाइल टॉवरवरून सगळ्यांना एकदम सोडलेला संदेश. त्याला नंबर लागत नाही, इंटरनेटही नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर संदेश एकदम येतो, त्यामुळे परजिल्ह्यातला ऊसतोड किंवा वीटभट्टी मजूरही सुटत नाही. साधा एसएमएस एकेका नंबरवर जातो, गर्दीत उशिरा पोचतो. मात्र बऱ्याच जुन्या कीपॅड फोनवर सेल ब्रॉडकास्टचा संदेश येत नाही, आणि रेंजच नसेल तर विषय संपला. व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नये; कालचा इशारा आज फिरतो.

भोंग्याला ऐकणाऱ्याकडे काहीच नको. ३० वॅटचे दोन भोंगे, ६० वॅटचा १२ व्होल्टवर चालणारा ॲम्प्लिफायर आणि बॅटरी, एवढ्यात काम होतं. १६ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की भार ८ ओहम होतो. वायर ॲम्प्लिफायरच्या ८ ओहमच्याच टोकाला लावावी, चुकलं तर आवाज पडतो किंवा ॲम्प्लिफायर तापतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, वारा उलटा असला तर आणखी. म्हणून गावठाणातला भोंगा लांबच्या पाड्याला पुरत नाही; तिथे हाताने फिरवायचा सायरन द्यावा. गडगडाट जवळ आल्यावर माईक धरणं बोलणाऱ्याच्याच जिवावर येतं. घोषणा आधीच करावी, मेनची पिन काढून बॅटरीवर.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी शेजारचं एक घर नेमावं.

आमचा कौल भोंग्याला, पण एकट्याला नाही. दामिनी दोन-तीन जणांच्या फोनवर पुरे: पोलीस पाटील, आशाताई आणि पाड्यावरचा एखादा पोरगा.

भाषेवर मात्र कंजुषी नको. हवामान खात्याच्या लेखी ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत हवामान केंद्रांवर. ऐकणारा समजतो, ‘म्हणजे आपल्याकडे नाही’. त्याऐवजी सांगावं: “दुपारी तीन ते सहा या वेळात वीज पडेल. रानातले आत्ताच घरी या. झाडाखाली थांबू नका.” मेळघाटात हेच कोरकूत, सातपुड्यात पावरीत, तिथल्याच माणसाच्या आवाजात आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावं. आणि दर महिन्याला भोंगा एकदा वाजवून पाहावा. गणपतीत काढलेली वायर परत जोडलेली नाही, हे बहुधा तेव्हाच कळतं.