आधी ‘मानापमान’ की ‘कट्यार’?

भाची अडलीय: गडकरी रंगायतनला पहिलं संगीत नाटक कुठलं बघू?

‘मानापमान’ १९११चं, खाडिलकरांचं. धैर्यधर-भामिनीची गोष्ट हलकी, भाषा मात्र जुनी. पदांना वन्समोअर मिळत गेले, तर घरी जायची शेवटची बस विसर.

‘कट्यार काळजात घुसली’ १९६७चं, दारव्हेकरांचं. इथे वैरच गाण्याच्या दोन घराण्यांचं, त्यामुळे गाण्यापाशी गोष्ट थांबत नाही, पुढे सरकते. ‘घेई छंद मकरंद’ दोन घराण्यांच्या दोन ढंगांत येतं तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. वसंतराव देशपांड्यांनी रंगवलेले खाँसाहेब, म्हणजे त्यातल्या एका घराण्याचे गवई, बाबांनी पाहिलेत. दर दिवाळीला ऐकवतात.

तिकिटावरून ठरवू नकोस.

रागदारी कळत नसेल तर ‘कट्यार’. आजीला नेणार असशील तर ‘मानापमान’. ती मोठ्याने साथ देईल, शेजारच्यांची माफी तू माग.