सामायिक प्लेलिस्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने आम्ही घरातले सहा जण विज्ञान, गणित आणि गेमिंगचे आवडते व्हिडिओ यूट्यूबवरच्या एका सामायिक प्लेलिस्टमध्ये जमवत आहोत. त्याआधी हे सारे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालत असे. तिथे चांगली लिंकही शुभेच्छांच्या चित्रांत दुसऱ्या दिवशी हरवून जाई, आणि ती कुणी पाहिली की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नसे.

प्लेलिस्ट तयार करून इतरांना तीत भर घालू देणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पहिल्या दोन महिन्यांत मात्र यादी नुसतीच फुगली. ऐंशीहून अधिक व्हिडिओ जमले आणि त्यांतले निम्मे कुणी उघडलेही नव्हते. तेव्हा आम्ही ठरवले की, व्हिडिओ टाकणाऱ्याने तो का आवडला हे चार ओळींत मराठीतून लिहायचे आणि व्हिडिओ लांब असेल तर नेमक्या मिनिटापासून सुरू होणारी लिंक द्यायची. हा उपक्रम टिकला तो या चार ओळींमुळेच, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आनंदाचा अनुभव गेमिंगने दिला. नववीतल्या भाचीने १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या स्पीडरनवरचा, म्हणजे तो गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या विक्रमांवरचा व्हिडिओ टाकला. शेवटची लेव्हल वगळता, पुढच्या लेव्हलला जायचे की नाही हे तो गेम दर २१ फ्रेमनंतरच (फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारे एक चित्र), म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी तपासतो. त्यामुळे खेळाडू मध्येच कधीही पोहोचला तरी त्याला पुढची बस सुटेपर्यंत थांबावेच लागते. बसची ही उपमा स्पीडरन करणाऱ्यांचीच आहे, आणि आयुष्यभर एसटीने कामावर गेलेल्या माझ्या वडिलांना ती लगेच पटली. मग एका लेव्हलमध्ये १० फ्रेम वाचवूनही एकूण वेळ तेवढीच का राहू शकते, हे आजोबा आणि नातीने कागदावर आकडे मांडून शोधले.

विज्ञानाच्या व्हिडिओंसाठी आम्हाला ‘व्हेरिटॅसियम’ ही विज्ञानाची यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्या डेरेक मुलर यांच्या पीएचडीचा उपयोग झाला. प्रेक्षकाचे आधीचे गैरसमज बोलून दाखवणाऱ्या व्हिडिओंमधून, नुसत्या स्वच्छ स्पष्टीकरणापेक्षा अधिक शिकणे होते, असे त्यांना त्या संशोधनात आढळले होते. म्हणून मी आता चार ओळींत आधी प्रश्न विचारतो, सर्वांची उत्तरे येईपर्यंत थांबतो आणि मगच लिंक देतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पुतण्यासाठी ‘थ्रीब्लूवनब्राउन’ ही गणिताची यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्या ग्रँट सँडरसन यांची रेखीय बीजगणितावरची २०१६ सालची मालिका टाकली, तेव्हाही हेच केले. मॅट्रिक्स (ओळी आणि स्तंभांत मांडलेले आकडे) म्हणजे अवकाशाला दिलेला ताण आणि पीळ, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर, आजवर पाठ केलेला मॅट्रिक्सचा गुणाकार तसा का करतात हे कळले, असे त्याने स्वतःहून लिहिले.

अडचण भाषेची आहे. यंत्राने केलेली मराठी सबटायटल्स साध्या वाक्यांना पुरतात, पण तांत्रिक शब्द आला की अर्थ बिघडतो, आणि वडिलांना इंग्रजी उच्चार पटकन कळत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी मी मुख्य भागाचा मजकूर मराठीत लिहून देतो; दहा मिनिटांच्या व्हिडिओला यात पाऊण तास सहज जातो, म्हणून आठवड्याला एकच व्हिडिओ टाकायचा, असे आता ठरले आहे.